दोन्ही लेकरांच्या गोळ्या

चाची, चाचांच्या लेक शबानाताई, सरपंचताई, सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम, आणि कुंभार पिंपळगावच्या माझ्या माणसांनो,

सरपंचताईंनी बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव तिसरं घातलं होतं. मीच त्यांना म्हणालो, ताई, मला शेवटी ठेवा. मनात असं होतं, की तोवर लोक उठतील, मांडव रिकामा होईल, आणि माझं बोलणं राहून जाईल. पण तुम्ही कोणी उठला नाहीत. ऊन या बाजूला फिरलंय, तरी बसून आहात. गुलाबचाचांच्या शोकसभेसाठी बसला आहात. मग मलाही उभं राहणं भाग आहे.

हातात कागद आहे. लिहून आणलंय, म्हणजे ऐनवेळी काही गाळता येणार नाही.

आधी एक दुरुस्ती करतो. गुरुजी आत्ता म्हणाले, की गुलाबचाचांनी सरकारी दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर म्हणून नोकरी केली. तेहतीस वर्षं आणि चार महिने. त्यांच्या पेन्शनचे कागद मीच ऑनलाईन भरले, म्हणून मला माहीत आहे. गुरुजी, राग मानू नका. माझी ही खोड तुम्हाला ठाऊक आहे. लग्नपत्रिकेवरची तिथी चुकली तरी मी फोन करून सांगतो. दुसऱ्याची चूक मला लगेच दिसते.

आज मला माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे. दीड वर्ष ती सांगायची राहिली. ती मी तुमच्यासमोर सांगेन, असा शब्द चाचांना दिला होता. ते असताना तो शब्द पाळला नाही. त्यांना जाऊन आज नऊ दिवस झाले. आता तरी ऐकून घ्या.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो. मी दत्ता. बसस्टँडजवळ झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे ना, ते माझं. बारावी नापास. कंप्युटर मला कोणी शिकवला नाही. जालन्याहून जुना, बंद पडलेला कंप्युटर आणला, खोलला, जोडला, पुन्हा खोलला. प्रोग्राम लिहायला पुस्तकं वाचून शिकलो, आणि इंग्रजी येत नव्हतं म्हणून प्रत्येक पान चार-चार वेळा वाचलं. याचा मला अभिमान आहे. आजही आहे. तो लपवून काय करू?

चाचा निवृत्त झाले आणि रोज सकाळी माझ्या दुकानाच्या बाकावर येऊन बसायला लागले. पेपर वाचायचे, आणि झेरॉक्सला आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या हातातल्या औषधाच्या चिठ्ठ्या वाचायचे. मधूनच म्हणायचे, "काका, ही गोळी आणि ती गोळी, दोन्ही खाता का? डॉक्टरला एकदा विचारा."

एक दिवस माझ्याकडं वळून म्हणाले, "इंजिनियर," मला ते चिडवायला इंजिनियर म्हणायचे, "तेरा मशीन पेन्शन का फॉर्म भरता, पीक विमा भरता. ये दो गोली साथ में नक्को, इतना नहीं बोल सकता क्या?"

मी म्हणालो, "का नाही सांगू शकत? तीन दिवसांत करून देतो."

अकरा महिने लागले.

अकरा महिने चाचा सांगत राहिले आणि मी टाईप करत राहिलो. कोणतं औषध कोणत्या औषधाबरोबर चालत नाही. कोणती गोळी साठीच्या पुढच्या माणसाला जपून द्यायची. कोणत्या औषधानं चक्कर येते, कोणत्यानं साखर एकदम खाली जाते. नोकरीतल्या त्यांच्या वह्या होत्या, बारीक अक्षर, लाल शाईनं रेघा मारलेल्या. नंतर डॉक्टर मॅडमनी सगळी यादी ओळीओळीनं तपासली, चुकलेलं खोडलं, राहिलेलं घातलं. तेव्हा कुठं काम पुढं गेलं.

काम साधं होतं. बाजाराच्या दिवशी गावातली म्हातारी माणसं चिठ्ठ्या घेऊन यायची. मी नाव, वय, औषधं भरायचो. पडद्यावर पट्टी यायची. लाल आली तर लगेच दवाखान्यात. पिवळी आली तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारायचं. हिरवी आली तर धोका नाही.

माझं काम चिठ्ठीपाशी संपायचं. चाचांचं तिथून सुरू व्हायचं. ते म्हणायचे, "पिशवी उलटी कर."

आठवतं ना? इथं बसलेल्यांपैकी किती जणांच्या पिशव्या त्यांनी त्या बाकावर उलट्या केल्या असतील! सुपारी पडायची, बसची तिकिटं पडायची, एसटीच्या पासचा फोटो पडायचा, आणि त्यात कुठंतरी चिठ्ठीवर नसलेली एक पुडी. आमचे पाटील आजोबा... आजोबा, तुमचं सांगू का? सांगतोच. आजोबांच्या पिशवीतून कागदात बांधलेल्या पांढऱ्या गोळ्या निघाल्या. चाचा म्हणाले, "ये क्या है?" आजोबा म्हणाले, "कायी न्हाई, कंबरंची हाय. यात्रेत घेतली व्हती." "कोणी दिली?" "एक जण बसला व्हता गाडीवर." "डॉक्टर था क्या?" "डॉक्टर न्हाई, पर चष्मा व्हता त्याला."

हसा. चाचाही असेच हसले होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि मग ती पुडी खिशात घालून आजोबांना हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेले.

आता माझ्या चुकीकडं येतो.

चाचा मला पहिल्या महिन्यापासून एक गोष्ट सांगत होते. म्हणायचे, "दत्ता, कंप्युटर में एक सवाल डाल. इस महिने खाना किसके घर है?" मी म्हणायचो, "चाचा, हा औषधांचा प्रोग्राम आहे. कोण कोणाकडं जेवतो, हे कंप्युटरला कशाला?" ते म्हणायचे, "अरे बाबा, तेरे गाँव में माँ-बाप की वाटणी होती कि नहीं होती?"

होते. आपल्याकडं घराघरात होते. एक महिना थोरल्याकडं, एक महिना धाकट्याकडं. कुणाची भांडणं असतात म्हणून, कुणाची नसतात तरी. ज्याच्या घरी जेवण, त्याच्या गावचा डॉक्टर, त्याच्या गावचं मेडिकल. चाचांनी तेहतीस वर्षं हे पाहिलं होतं. मला पटलं नाही. खरं सांगू? पटलं होतं. पण तो सवाल घालायचा, तर अर्धा प्रोग्राम उकलावा लागणार होता. आणि मी स्वतः शिकून, स्वतः रचलेली गोष्ट एका कंपाउंडरच्या सांगण्यावरून उकलायची? मी म्हणालो, "गरज नाही. आपलं काम बराबर चाललंय."

माझी माय इथं पुढं बसली आहे. बहुतेक जण तिला ओळखता. ती एक महिना माझ्याकडं असते, आणि एक महिना तीर्थपुरीला माझ्या भावाकडं, सुरेशकडं. आम्हा दोघा भावांत काही वाकडं नाही. तिचीच इच्छा आहे. म्हणते, दोन्ही घरची नातवंडं दिसतात.

दीड वर्षापूर्वीची सकाळ. चाचा माझ्या घरावरून दुकानाकडं निघाले होते. माय ओट्यावरून उतरत होती. पायात चप्पल नव्हती, हातात होती.

चाचा थांबले. "भाभी, चप्पल हातात कामून?"

माय म्हणाली, "पायात जाईना झाली. उन्हानं पाय सुजलेत."

चाचा खाली बसले. पासष्टी ओलांडलेला तो माणूस माझ्या मायच्या पायाशी रस्त्यावर बसला, आणि तिच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा उचलला, तर तिथं खळगा तसाच राहिला. त्यांनी विचारलं, "उठताना गरगरतं का?"

"थोडं थोडं. परवा न्हाणीत तोल गेल्ता. भित धरली म्हणून पडले न्हाई."

हे मला माहीत नव्हतं. मी त्याच घरात राहतो, आणि मला माहीत नव्हतं.

चाचा तिला हळूहळू दुकानात घेऊन आले. मला म्हणाले, "निकाल इनका कागद." मी मायचं नाव टाकलं. हिरवी पट्टी. मी मोठ्या रुबाबात पडदा त्यांच्याकडं फिरवला. त्यांनी पाहिलासुद्धा नाही. मायला म्हणाले, "भाभी, पिशवी."

मायनं कमरेची पिशवी सोडली. गोळ्यांच्या दोन पट्ट्या निघाल्या. एक मी आणलेली, तिची चिठ्ठी माझ्या कंप्युटरमध्ये होती. दुसरी तीर्थपुरीची. मी दोन्ही वाचल्या आणि म्हणालो, "चाचा, नावं वेगळी आहेत."

ते म्हणाले, "बड़ा नाम मत पढ़. नीचे का बारीक पढ़."

मी चष्मा लावून वाचलं. दोन कंपन्या, दोन नावं, आणि खाली बारीक अक्षरात एकच औषध. रक्तदाबाचं. तेवढ्याच ताकदीचं. माझी माय रोज दुप्पट खात होती, आणि माझ्या कंप्युटरवर तिच्या नावापुढं हिरवी पट्टी होती.

मी तिच्यावर ओरडलो. म्हणालो, "माय, दोन-दोन गोळ्या कशाला खाते? कोणी सांगितलं?"

माय म्हणाली, "कोण सांगंल? सकाळी तुझी खाते, रातच्याला सुरेशची खाते."

"पण का?"

"आरं, दोघायनं आणल्यात. एकाची खायची आन एकाची ठिवून द्यायची, हे मला कसं जमंल? तू इचारतो, माय, माझी गोळी घेतली का? त्याचा फोन येतो, माय, माझी घेतली का? मला दोघायला हो म्हणायचं असतं."

तुम्ही सांगा मला, हे कोणत्या यादीत लिहिलेलं असतं? कोणत्या पुस्तकातून मी हे शिकलो असतो? आईनं दोन लेकरांत भेद केला नाही, आणि त्यानं तिचे पाय सुजले. चाचांना हे ठाऊक होतं. अशाच किती आया त्यांनी पाहिल्या असतील! त्यांनी मला एकच सवाल घालायला सांगितला होता.

ते तिला सरळ दवाखान्यात घेऊन गेले. मॅडम इथंच आहेत. त्यांनी रक्तदाब मोजला, तो फार खाली होता. एक गोळी बंद केली, तीर्थपुरीच्या डॉक्टरांशी स्वतः फोनवर बोलल्या. काही दिवसांत सूज उतरली. माय वाचली. चाचांच्या अंगठ्यानं वाचली.

आणि गावात काय झालं?

दुसऱ्या दिवशी दुकानात कोणीतरी विचारलं, "दत्ता, मायला दोन-दोन गोळ्या जात होत्या म्हणे! कंप्युटरनं पकडलं का?"

माझी मान हलली. कशी हलली, ते आज मलाही सांगता येत नाही. पण हो म्हणण्यासारखी हलली. चाचा बाकावरच होते. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

झेंडावंदनाच्या दिवशी तुम्ही माझा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला. कंप्युटरनं आईला वाचवलं, असं भाषण झालं. मी मान खाली घालून उभा होतो, तर तुम्ही म्हणालात, बघा किती नम्र माणूस! चाचा दुसऱ्या रांगेत होते. ते टाळ्या वाजवत होते.

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. चाचींनी चहा ठेवला. मी विचारलं, "चाचा, तुम्ही का नाही बोललात?"

ते म्हणाले, "मैं बोलता तो तेरा कंप्युटर बदनाम होता. कल से कोई चिठ्ठी नहीं लाता. मशीन अच्छा है. अधूरा है. पहले पूरा कर, फिर तू खुद बोल."

"मी बोलेन, चाचा."

"हौ. तूच बोल. मैं किसी को नहीं बोलूँगा."

आणि त्यांनी खरंच कोणाला सांगितलं नाही. चाची, तुम्हाला तरी सांगितलं होतं का? ...बघा, चाची मान हलवतात. घरातसुद्धा नाही.

प्रोग्राम मी दोन दिवसांत सुधारला. त्या आधी दीड-दोन वर्षं जे होत नव्हतं, ते दोन दिवसांत झालं. आता दोन सवाल आहेत. या महिन्यात जेवण कोणाकडं? दुसऱ्या घरची पिशवी आणली का? हे दोन्ही भरल्याशिवाय पट्टी हिरवी होतच नाही. ते दोन्ही सवाल चाचांचे आहेत.

अर्धा शब्द पाळला. उरलेला अर्धा राहिला. शेजारच्या आष्टी गावचे लोक प्रोग्राम बघायला आले, तेव्हा सांगता आलं असतं. ग्रामसभा झाल्या, तेव्हा सांगता आलं असतं. पण लोक "यानंच आईला वाचवलं" म्हणून माझी ओळख करून द्यायचे, आणि मला ते गोड लागायचं. बारावी नापास माणसाला असं ऐकायला मिळतं कधी?

माय तर तिथंच होती. तिला सगळं माहीत होतं. पण बायका विचारायच्या तेव्हा ती म्हणायची, "व्हय, माझ्या लेकाच्या कंप्युटरनं." तिनंही मला उघडं पाडलं नाही. दोन माणसं माझ्यासाठी गप्प राहिली, आणि मी त्या गप्प राहण्यावर मोठा झालो.

चाचा जायच्या चार दिवस आधी दुपारी दुकानात आले होते. दम लागत होता. बाकावर टेकले. पाणी पिऊन झाल्यावर सहज विचारल्यासारखं म्हणाले, "वो बोला क्या लोगों को?"

मी म्हणालो, "पुढच्या ग्रामसभेत बोलतो, चाचा. बिलकुल."

ते हसले. म्हणाले, "बोल. उसमें भी मैं ताली बजाऊँगा."

तेच आमचं शेवटचं बोलणं.

तुम्ही म्हणाल, झालं ते झालं, दुःखाच्या सभेत हे कशाला काढलं? सांगतो कशाला. परवाच्या बाजाराला चाचा नव्हते. सकाळपासून सात जण आले. त्यातल्या पाच जणांच्या हातात नुसती चिठ्ठी. मी म्हणालो, "पिशवी कुठंय?" एक काका म्हणाले, "पिशवीचं काय करतो? तुझ्या कंप्युटरला समदं माहीत राहतं. तुझ्या मायला न्हाई का वाचवलं त्यानं?"

पिशव्या माझ्यामुळं घरी राहिल्या होत्या. माझ्या हललेल्या त्या मानेमुळं. चाचा होते तोवर ते पिशवी मागवून घ्यायचे, हवं तर घरापर्यंत जायचे, आणि माझं खोटं कोणाला लागत नव्हतं. आता ते लागणार. तुमच्यापैकी कोणाच्या तरी आईला, वडिलांना लागणार. आणि मी पुढच्या ग्रामसभेची वाट पाहू?

म्हणून आज सांगतो, स्पष्ट ऐका. माझ्या आईला कंप्युटरनं वाचवलं नाही. कंप्युटर तिला धोका नाही म्हणत होता. तिला शेख गुलाब कंपाउंडर यांनी वाचवलं. त्या दिवशीची शाल त्यांची होती, टाळ्या त्यांच्या होत्या. चाची, शबानाताई, मी तुमचा अपराधी आहे. सगळ्यांसमोर माफी मागतो.

कंप्युटर टाकून देऊ नका. चाचांना ते आवडणार नाही. तो कामाचा आहे. पण तुम्ही त्याला जेवढं सांगाल, तेवढंच त्याला कळतं. पिशवी आणा. दोन्ही घरच्या आणा. यात्रेतली पुडी असेल तर ती आणा, मी कोणाला सांगणार नाही. पाटील आजोबांचं सांगितलं, ते शेवटचं. आणि घरी जाऊन आपल्या मनानं कुठलीही गोळी बंद करू नका. मॅडमना विचारा. मॅडमनी कबूल केलंय, पुढच्या बाजारापासून दवाखान्यातल्या सिस्टर पहिले दोन तास माझ्या दुकानात बसतील. मी त्यांच्या हाताखाली काम करणार आहे. त्या म्हणतील ते उकलायचं, त्या म्हणतील ते घालायचं.

आणि भाऊ लोकांनो, ज्यांच्या घरी आईची, वडिलांची वाटणी आहे, त्यांनी आजच एकमेकांना फोन करा. भांडण असेल तरी करा. दुसरं काही बोलू नका, फक्त गोळ्यांच्या पट्टीवरचं बारीक अक्षर वाचून दाखवा. मी आणि सुरेश आता दर महिन्याला वाचतो.

माय काहीतरी म्हणतेय... ऐकू आलं का तुम्हाला? म्हणतेय, "आटप लवकर, चाची उन्हात बसलीय."

आटपतो.

चाचा, शब्द पाळायला उशीर झाला. तुम्ही ऐकायला नाहीत, पण ज्यांना सांगायचं होतं, ती सगळी माणसं इथं आहेत, आणि त्यांनी ऐकलं. टाळी कोणी वाजवू नका. ती वाजवणारा गेला.

आता आपण दोन मिनिटं चाचांसाठी शांत उभं राहू. पण थांबा. ज्यांची रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यांनी झटक्यात उठायचं नाही. आधी बसल्या जागी पाय हलवा. शेजारच्याचा खांदा धरा. मग सावकाश उठा. ज्यांना जमणार नाही, त्यांनी बसूनच राहावं, चाचा त्यांना आधी बसवून मग पुढं गेले असते. घाई नाही. सगळे नीट उभे राहिले, की मग शांतता सुरू करू.

उठा. सावकाश.